जैनीच्या वाटचं झाड

नर्सिंग शिकणारी मुलगी सुट्टीला घरी आली की तुम्ही तिच्यापुढे आधी काय करता, ताट की हात?

उत्तराची घाई करू नका, मला ते माहीत आहे. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच सुट्टीत मी चंद्रपुरातल्या आमच्या गल्लीत पोचले, बॅग खाली ठेवली, पाण्याचा ग्लास अजून ओठाला लागायचा होता, तेवढ्यात शेजारच्या खालांनी बाही वर सारून हात पुढे केला. "देख बेटा, बीपी कितना है." माझ्याकडे यंत्र नव्हतं. काहीतरी धरायला हवं म्हणून मी त्यांची नाडी धरली आणि शिकवल्याप्रमाणे पूर्ण एक मिनिट मोजू लागले. अर्ध्यातच खाला कंटाळल्या. "इतना टाइम लगता क्या? डॉक्टर तो दो सेकंद में छोड़ देता."

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे जंगलात मोहाची फुलं पडायला लागली आहेत.

मी आता ज्या ग्रामीण रुग्णालयात नोकरी करते, त्याच्या मागच्या कुंपणापलीकडे जंगल सुरू होतं. सकाळच्या ड्यूटीला येताना वास येतो. गोड, थोडा आंबूस, उन्हं वर चढली की डोक्यात जाणारा. तपासणीला आलेल्या बायकांच्या बोटांना तो वास असतो, पदराला असतो, कडेवरच्या पोरांच्या गालांना असतो. पहाटेपासून फुलं वेचून, ती अंगणात वाळत घालून मग त्या दवाखान्यात येतात. या दिवसांत आमच्याकडे सकाळी गर्दी नसते. दुखणीसुद्धा मोह वेचून झाल्यावर येतात.

परवा वॉर्डात एक विद्यार्थिनी चादरींच्या कपाटाला टेकून उभ्या-उभ्या झोपली होती. पहिल्या वर्षाची आहे, आमच्याकडे अनुभवासाठी आली आहे. हातात घडी न मोडलेली चादर तशीच. एका पेशंटसोबत आलेला माणूस मला म्हणाला, "पाहा सिस्टर, कशा झोपा काढून राह्यल्या पोरी. काम ना धाम."

पाच वर्षांपूर्वी मी त्याला भाषण दिलं असतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. अब्बांचं छोटंसं छापखान्याचं दुकान, आणि कामगारांच्या, शिक्षकांच्या, अंगणवाडीताईंच्या मागण्यांची पत्रकं तिथेच छापली जायची. बिघडलेल्या प्रतींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी काढता येऊ लागलं. पण परवा पाय दुखत होते. मी त्या मुलीच्या हातातून चादर हळूच काढून घेतली आणि रिकाम्या खाटेवर अंथरू लागले. कोपऱ्याची घडी घालताना हाताला नर्सिंगच्या शाळेतलं माझं दुसरं वर्ष सापडलं.

चादरीच्या या कोपऱ्यासाठी आम्ही किती रडलो आहोत! ट्यूटर मॅडम दोन बोटांनी चादर उचलून पाहायच्या आणि सुरकुती दिसली की सगळी खाट मोडायला लावायच्या. आम्हाला वाटायचं, छळ आहे नुसता. मग एका म्हाताऱ्याच्या पाठीखाली सुरकुती राहिलेली चादर आणि त्या जागी उठलेली लाल रेघ त्यांनी आम्हाला दाखवली. दोन दिवसांत तिची जखम झाली. त्यानंतर कुणी कुरकुर केली नाही, निदान मोठ्यानं नाही.

बाहेरच्यांना नर्सिंग म्हणजे सुई दिसते. रिक्षावाला म्हणायचा, "सुई तो कंपाउंडर भी लगा देता मॅडम, उसके लिए तीन साल?" त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावा लागणारा बेशुद्ध माणूस दिसत नाही. आज लघवी किती झाली हे मोजून लिहिणारी एकोणीस वर्षांची मुलगी दिसत नाही. बाळंतपण नुसतं पाहिलं त्याची सही वेगळी, मदत केली त्याची वेगळी, स्वतः केलं त्याची वेगळी. आणि त्या सह्यांसाठी केसबुक छातीशी धरून आम्ही सिस्टरांच्या मागे फिरायचो, त्या बिचाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ नसायचा. मी पहिला मृत्यू पाहिला तो एका सकाळी. माझ्याच वयाची बाई. मोठ्या सिस्टरांसोबत मी तिचं अंग पुसलं, केस विंचरले. दोन वाजता वर्गात बसून प्रथिनांवर टिपणं घेतली. अक्षर चांगलं आलं होतं त्या दिवशी. ती वही अजून आहे माझ्याकडे.

आणि या सगळ्याच्या वर तास. इतके तास वर्गात, इतके तास वॉर्डात. आजारी पडलात तर बरं होऊन भरून काढा, घरी लग्न असेल तर परत येऊन भरून काढा. तास पूर्ण नाहीत तर परीक्षेचा फॉर्म पुढे जात नाही. हॉस्टेलच्या भिंतीवर देवांच्या फोटोंपेक्षा तासांचे तक्ते जास्त होते.

माझ्या शेजारच्या खाटेवर जैनी होती. एटापल्लीच्या पुढचं, जंगलातलं गाव. सुट्टीला जायचं तर आलापल्लीला बस बदलायची, पुढे जी मिळेल ती जीप, आणि शेवटी पायी. मराठी ती आश्रमशाळेत शिकली होती. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला गप्प करायची. पहिल्याच दिवशी मी तिला माझ्या ओळखीदाखल लांबलचक काहीतरी ऐकवलं होतं, हक्क, समानता वगैरे. ती ऐकून म्हणाली, "शमा, तू लय बोलते. मच्छरदाणी बांधाले मदत कर."

मोहाबद्दल मला तिनंच सांगितलं. तिच्या गावात झाडं वाटलेली असतात. कागदावर नाही, पण सगळ्यांना पाठ. जैनीच्या घरची चार झाडं. तीन घराजवळ, आणि एक नाल्यापलीकडे, ते जैनीच्या वाटचं. लहानपणी तिला चालता येऊ लागलं तेव्हा आजोबांनी दाखवून दिलेलं. पहाटे त्या झाडाखाली जायचं, आदल्या दिवशी झाडून ठेवलेल्या जमिनीवर टपटप पडलेली फुलं गुरं-हरणं यायच्या आत उचलायची. "अन् दुसऱ्याच्या झाडाखालचं एक बी फूल उचलाचं नाई," ती म्हणाली. "सडून गेलं तरी नाई."

"का? सडण्यापेक्षा बरं ना?"

"मंग त्याले चोरी म्हणते, बाई. तुमच्या शहरात नाई म्हणत का?"

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये जैनीच्या धाकट्या भावाचा फोन आला. आई एकटी पडली आहे, तिचा गुडघा सुजला आहे, चार दिवस तरी ये. जैनीनं चार दिवसांची रजा काढली. ती परत आली नवव्या दिवशी.

जे झालं ते तिनं मला वरच्या गच्चीवर, धुतलेले ॲप्रन वाळत घालताना, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं.

गावात पाऊल ठेवल्या-ठेवल्या हात पुढे आले. मामा म्हणाले, "बीपी पाय माह्या." तिनं सांगितलं, मशीन नाही. मामा सगळ्यांकडे बघून म्हणाले, "दोन वर्ष झाले, यायले मशीन बी नाई देल्ली! कायची शाळा हाय ते?" एका म्हाताऱ्याला ताकदीची सुई हवी होती, लाल रंगाची. एकीला पोटातल्या पोराचं मुलगा की मुलगी सांगून हवं होतं. जैनी सगळ्यांना नाही म्हणत गेली आणि प्रत्येक नाहीबरोबर गावाच्या नजरेत तिची शाळा लहान होत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुकरूकाकांवर अस्वल धावलं. मोहाच्या दिवसांत अस्वलही त्याच झाडांखाली येतं. काका वाकलेले होते, त्यांनी पाहिलंच नाही. डोक्याची कातडी सोललेली, एक कान लोंबता. चार माणसांनी त्यांना खाटेवर घालून आणलं, आणि आणलं ते जैनीच्या अंगणात. कुणीतरी घरातून सुई-दोरा घेऊन आलं. गोधडी शिवायचा.

"शिव," मामा म्हणाले.

"मले येत नाई."

"येत नाई? मंग काय शिकली तू?"

जैनीनं आईचं धुतलेलं लुगडं फाडलं, घडी केली आणि जखमेवर दाबली. भावाला जीप आणायला पिटाळलं. रक्त कापडातून वर आलं, तेव्हा पहिली घडी न काढता तिच्यावर दुसरी ठेवली. काकांना उठून बसू दिलं नाही, पाणी मागितलं तर दिलं नाही, पुढे भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. जीपमध्ये तिला नाडी मोजायची होती, आणि दोन हात तर दाबण्यात अडकलेले. मग तिनं काकांच्या बायकोला, चैतीकाकीला, जवळ ओढलं. तिचे तळवे आपल्या तळव्यांच्या जागी ठेवले. "जोर लाव काकी. मी म्हणीन तवाच सोड." आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. पेन होतं, कागद नव्हता. तिनं वेळ आणि आकडा आपल्याच मनगटाच्या वर लिहिला. मग पुन्हा दाबायला हात. थोड्या वेळानं पुन्हा नाडी. दवाखान्यात पोचेपर्यंत कोपरापर्यंत आकडे झाले होते.

तिथल्या डॉक्टरांनी तिचा हात धरून ते आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. नर्सला म्हणाले, "लिहून घ्या हे."

काकांना पुढे जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. चैतीकाकीला मराठी समजायची, पण डॉक्टरांसमोर बोलता यायची नाही. जैनी थांबली. पाच दिवस तिथेच गेले. काका जगले. कान गेला.

आणि गावात काय बोललं गेलं? टाके तर डॉक्टरनंच मारले. पोरगी नुसती दाबून बसली होती.

हे सांगताना जैनी हसली. मला हसू आलं नाही, मी पेटले. त्यात शाळेनं तिचा हिशोब काढला होता: रजा धरून नऊ दिवसांची गैरहजेरी. महिनाअखेरपर्यंत एकही सुट्टी न घेता दुपारच्या जादा ड्यूट्या करून तास भरले तर फॉर्म जाईल, नाहीतर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर मामा तिला परत पाठवू देणार नव्हते, हे तिनं न सांगताही मला कळत होतं. दुसरीकडे मोह अजून पडतच होता. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. घराजवळची तीन झाडं ती कशीबशी वेचायची, पण सुजलेल्या गुडघ्यानं नाला ओलांडणं होत नव्हतं, आणि अस्वलाच्या प्रकारानंतर धाकट्या भावाला ती एकट्याला तिकडे पाठवत नव्हती.

"तुह्या झाडाखाली फुलं सडून राह्यली, पोरी," आई म्हणायची. बोलणं गोंडीतून व्हायचं, जैनी मला नंतर सांगायची. "ये ना दोन दिस. दोन दिसानं काय होते?"

दोन दिवसांनी काय होतं? हा प्रश्न मी त्या वर्षी इतक्या तोंडांतून ऐकला आहे! खालांच्या, रिक्षावाल्याच्या, एका मैत्रिणीच्या होणाऱ्या सासूच्या. आमच्या शिकण्यातला प्रत्येक दिवस लोकांना काढून ठेवता येण्यासारखा वाटतो. डॉक्टरकी शिकणाऱ्याला कुणी फुलं वेचायला बोलावत नाही.

मी पत्रक लिहिलं. अगदी जोरदार! "माणूस वाचवणाऱ्या विद्यार्थिनीला गैरहजर ठरवणारा नियम मोडा! जैनीचे तास माफ करा!" खाली आणखी सात मागण्या. जेवण सुधारा, पंखे दुरुस्त करा, सह्यांसाठी ताटकळवू नका, सगळं. रविवारी चंद्रपूरला जाऊन कागद अब्बांच्या पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"मांग क्या है, बेटा?"

"लिहिल्या आहेत ना, आठ."

"आठ मांग पढ़नेवाला एक भी नहीं देता. एक लिख. और जिसके लिए लिख रही, उससे पूछ के लिख."

मी चिडून परत आले आणि तो कागद जैनीच्या खाटेवर टाकला. ती केसबुक भरत होती. तिनं वाचला, घडी केली, मला परत दिला.

"तास माफ नको मांगू."

"अगं, पण हा अन्याय आहे."

"शमा, काका पाणी मांगत होते तवा मी नाई म्हटलं. काऊन नाई, हे मले माहीत होतं. वॉर्डात शिकली म्हणून माहीत होतं. अन् मामानं शिव म्हटलं तवा माहे हात कापत होते. अजून चार गोष्टी मले माहीत असत्या तर कमी कापले असते. माहे तास माफ करून तू मले काय देशील? पुढच्या वेळी मी काय दाबू, तुहं पत्रक?"

मी खाटेवर बसले. वर गच्चीवर कुणाचे तरी ॲप्रन वाऱ्यानं फडफडत होते. तोपर्यंत मी स्वतःला आतल्या माणसांत धरत होते. मीही बाहेरचीच निघाले. लोकांना आमची शाळा फालतू वाटत होती आणि मला ती नुसती क्रूर वाटत होती, आणि ती मुलगी मात्र सुजलेले पाय उशीवर ठेवून आपले तास मागत होती.

"मग काय मागायचं?" मी विचारलं.

तिनं पेनाला टोपण घातलं. मग म्हणाली, "माहं झाड कोणी वेचलं तर बरं होईल."

एवढंच! आणि तेच सगळ्यात अवघड. कारण गावात कुणीही दुसऱ्याच्या झाडाखाली हात घालणार नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं की फुलं सडताहेत, सगळ्यांना वाईट वाटत होतं, आणि सगळे नीतीनं वागून बाजूनं निघून जात होते. आईनं कुणाला म्हणायचं, तर तिला लाज. पोरगी शिकते म्हणून गावाला कामाला लावलं, असं बोलतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन ड्यूट्यांच्या मधल्या अर्ध्या तासात, दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली उभं राहून जैनीनं भावाला फोन लावला आणि चैतीकाकीला बोलवायला सांगितलं. आम्ही थांबलो. तिकडे कोंबड्यांचे आवाज येत होते. काकी आली. जैनी तिच्याशी गोंडीत बोलली, दोन-तीनच वाक्यं. मग काकी बोलू लागली आणि बोलतच राहिली. जैनी ऐकत होती आणि मान खाली घालून चपलेनं माती उकरत होती.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणते, मी रोज जातो तुह्या झाडाजवळून. वाट पाहून राह्यली होती, कोणी सांगते का म्हणून." जैनीनं ॲप्रनच्या बाहीनं नाक पुसलं. "म्हणते, जीपमधी तू मले दाबाले लावलं, तवा माहे खांदे भरून आले होते. गाव म्हणते नुसती दाबून बसली. मी सांगतो त्यायले, तुम्ही बसून पाहा."

गावात एकट्या त्या बाईला कळलं होतं, कारण तिचे हात तिथे होते.

त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत चैतीकाकी पहाटे नाला ओलांडून जात होती. एका कानाच्या नवऱ्याला घरी खाटेवर ठेवून, अस्वलाच्या भीतीनं हातात डबा वाजवत. फुलं आणून जैनीच्या आईच्या अंगणात वेगळ्या चटईवर पसरायची, घरच्या फुलांत मिसळू द्यायची नाही. ही जैनीच्या वाटची. जैनी इकडे वॉर्डात तास भरत होती. महिनाअखेरी तिच्या तक्त्यावर मॅडमनी सही केली, फॉर्म गेला, ती परीक्षेला बसली आणि पास झाली. निकालाच्या दिवशी ती दुपारभर झोपली. मी तिला उठवलं नाही.

आता ती त्याच भागातल्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, गावी गेले तर अजून हात पुढे येतात, फरक इतकाच की आता मशीन आहे. आणि काकी अजून तिचं झाड वेचते. "सवय झाली म्हणते तिले. मी म्हटलं, तूच घे आता ते झाड. तं रागावली माह्यावर."

परवा मी त्या विद्यार्थिनीची खाट लावून दिली. जागी झाली तेव्हा दचकली, माफी मागू लागली. मोहर्लीकडची, वाघांच्या जंगलाजवळची आहे. उन्हाळ्यातली सफारीची गर्दी सुरू झाली, घरी उतरणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक असतो, आई दोन दिवसांसाठी ये म्हणते, असं तिनं हळूच सांगितलं. मी तिला चहा प्यायला पाठवलं.

पण अब्बांनी सांगितलेलं मी विसरलेले नाही. म्हणून या लेखाच्या शेवटी एकच मागणी, आणि ती जिच्यासाठी आहे तिला, त्या विद्यार्थिनीला, काल विचारून लिहिलेली.

तुमच्या घरात, शेजारात, गल्लीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी असेलच. तिच्या वाटचं एखादं झाड घरी असतं. ते पाणी भरणं असेल, धाकट्यांचा अभ्यास असेल, आजीची अंघोळ असेल, लग्नसराईतल्या पोळ्या असतील. ती नाही म्हणून ते काम पडून आहे आणि सगळे तिची वाट पाहताहेत. तिला लाज वाटते, ती सांगणार नाही. आज संध्याकाळी तिला फोन करा, तुझ्या वाटचं काय राहिलं आहे ते विचारा, आणि तिचे तास पूर्ण होईपर्यंत ते तुम्ही करा.